आज किती?

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातल्या धान्याच्या वखारींतून मेलेले उंदीर बाहेर फेकले जात होते आणि त्याचे कोणाला विशेष वाटत नव्हते. वखार म्हटली की उंदीर आलेच. मग माणसे पडू लागली. सणकून ताप, काखेत नाहीतर जांघेत गाठ, तांबारलेले डोळे, वातात गेल्यासारखी बडबड, आणि तीन-चार दिवसांत सगळे आटोपलेले. मांडवीत दवाखाना चालवणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. २३ सप्टेंबरला त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे सांगून टाकले की हा नेहमीचा ताप नव्हे, हा गाठीचा प्लेग आहे. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये या रोगाने थैमान घातले होते, तिथेच येर्सिनला त्याचा जंतू सापडला होता, आणि हाँगकाँगशी मुंबईचा व्यापार जुना होता.

प्लेग हा शब्द सरकारी कागदावर उमटला की त्याची झळ थेट बंदराला लागणार, हे मुंबईच्या दुकानदारापासून लाटसाहेबापर्यंत सगळ्यांना कळत होते. युरोपातली बंदरे मुंबईच्या बोटी अडवणार, कापूस धक्क्यावर पडून राहणार. त्यामुळे पहिले काही दिवस नाव घेण्याची टाळाटाळ झाली. नाव घेतल्यावर मात्र एकच प्रश्न उरला आणि पुढची दहा-पंधरा वर्षे तो घराघरांत, कचेऱ्यांत आणि वर्तमानपत्रांत विचारला जात राहिला : आज किती?

या प्रश्नाला मुंबईकडे उत्तर होते, आणि ते होते म्हणूनच ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिंदुस्थानातल्या बहुतेक गावांत कोण कशाने मेले याचा पत्ता नसायचा. मुंबईत मात्र मेलेल्या माणसाला स्मशानातून किंवा कबरस्तानातून चुकवून नेणे कठीण होते. सोनापूर असो, वरळी असो, मयत आले की दारावरचा कारकून नाव, वय, जात, वस्ती आणि मरणाचे कारण लिहून घेई. यातले पहिले चार रकाने बऱ्यापैकी खरे असत. पाचवा रकाना मात्र खांदेकरी सांगतील तो. डॉक्टरचा दाखला असलेली मयते थोडी. कारकुनाने विचारायचे, ‘कशाने गेला?’ आणि भावाने म्हणायचे, ‘तापाने.’ ते खोटेही नसे. ताप तर होताच.

१८९६ च्या हिवाळ्यात या पाचव्या रकान्यात एक चमत्कार घडू लागला. मुंबईत तापाने मरणारे वाढले, छातीच्या विकाराने मरणारे वाढले, आकडी-झटक्यांनी मरणारेही वाढले. प्लेगाने मरणारे मात्र बेताचेच. पालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. वीअर आणि आयुक्त स्नो यांच्या हाताखालच्या लोकांनी मग पाचव्या रकान्याचा नादच सोडला. त्यांनी एवढेच पाहिले की मागच्या पाच वर्षांत याच आठवड्यात सरासरी किती माणसे मरत होती आणि या वर्षी किती मेली. वजाबाकी करून जे उरेल त्यातला मोठा वाटा प्लेगाचा. १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईत आठवड्याला मरणाऱ्यांचा एकूण आकडा एकोणीसशेच्या आसपास जाऊन पोचला. कारण कोणी काहीही सांगो, सरणे मोजता येत होती.

ही युक्ती नवी नव्हती. लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ साली तिथल्या आठवड्याच्या मृत्युपत्रकांवर पुस्तक लिहिले. प्लेगच्या वर्षी इतर रोगांचे आकडेही कसे अचानक फुगतात, हे त्याने त्यात दाखवून दिले. म्हणजे तिथलेही लोक तेच करत होते. लंडनमध्ये रोगी सापडलेल्या घराच्या दारावर तांबडा क्रूस काढून सगळे घरच चाळीस दिवस बंद करत. मग सांगेल कोण?

मुंबईत ६ ऑक्टोबर १८९६ ला आयुक्त स्नो यांनी जाहीरनामा काढला की प्लेगचा रोगी असेल तिथून उचलून इस्पितळात नेण्यात येईल, घरच्यांची इच्छा असो वा नसो. इस्पितळ म्हणजे आर्थर रोडचे, आजचे कस्तुरबा. तिथे दाखल झालेल्यांतले बहुसंख्य परत येत नसत. रोगच तसा होता. पण शेजारच्या गिरण्यांतल्या कामगारांना दिसे ते एवढेच की डोलीतून माणूस आत जातो आणि तिरडीवरून बाहेर येतो. आत काहीतरी करतात, रक्त काढतात, माणसाचे तेल गाळतात, राणीच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून तिने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत, असल्या अफवांना ऊत आला. पुतळ्याची विटंबना मात्र खरीच झाली होती, त्या ऑक्टोबरात कोणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने इस्पितळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी स्नोंनी जाहीरनामा सौम्य केला. त्यांना खरी धास्ती दंग्याची नव्हती. भंगी आणि हलालखोर घाबरून शहर सोडून गेले तर मैल्याने मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे त्यांनी स्वतःच अहवालात लिहून ठेवले आहे.

त्या वेळच्या गिरणगावातल्या चाळीची एक खोली डोळ्यांपुढे आणा. दहा बाय दहाची, आत सात-आठ माणसे. दोन पुरुष गिरणीत, एक बाई रीळ खात्यात, एक म्हातारी, बाकी पोरे. एकाला ताप भरला. सांगितले तर रोगी इस्पितळात, उरलेले विलगीकरणाच्या कँपात, गिरणीचा रोज बुडालेला, गोधड्या आणि कपडे जाळलेले नाहीतर पाण्यात उकळलेले, घरात रसकापराच्या पाण्याचा फवारा, उजेड आत यावा म्हणून छपराची कौले उतरवलेली. नाही सांगितले तर रोगी मरेल किंवा जगेल, पण घर घर राहील. शेजाऱ्यांना सगळे माहीत असे, पण त्यांच्याही घरात उद्या ताप येऊ शकत होता, म्हणून तेही गप्प. रोग्याला माळ्यावर ठेवणे, रात्री दुसऱ्या वस्तीतल्या नातलगाकडे हलवणे, प्रेत गुपचूप उरकणे, शिपायाच्या हातावर चार आणे ठेवणे, हे सारे यातूनच आले. प्लेगच्या अहवालांत साहेब याला लोकांचे अज्ञान म्हणतात. मला तो चोख हिशेब वाटतो. नोंद करायला जी किंमत पडत होती ती घराला परवडत नव्हती, आणि म्हणून नोंद होत नव्हती. सरकार जितके कडक, तितका तापाचा रकाना लठ्ठ.

आणखी एक भानगड होती. मुंबईत १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे ८,२१,७६४ माणसे होती. १८९७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत यातले जवळजवळ निम्मे निघून गेले. कोकणची बोट, घाटावरची गाडी, गुजरातची गाडी, जे मिळेल त्यात. तेव्हा दर हजारी किती मेले हे काढायचे तर ते हजार कुठल्या लाखांतले? मेलेल्यांची मोजणी एकवेळ जमत होती, जिवंतांची जमत नव्हती. आणि गेलेली माणसे रिकाम्या हातांनी गेली नव्हती. रत्नागिरी, सातारा, सुरत, जिथे गेली तिथे बोचक्यात रोगही घेऊन गेली. कारवारपासून कराचीपर्यंत किनाऱ्यावरच्या कुटुंबांत त्या साली मुंबईहून घरी येणाऱ्या मुलाची एकाच वेळी वाटही पाहिली जात होती आणि भीतीही वाटत होती.

तिकडे व्हेनिसमध्ये त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपीय सरकारांची परिषद भरली होती आणि मुंबईच्या प्लेगचे काय करायचे यावर खल चालला होता. हिंदुस्थान सरकारवरचा दाब परिषदेच्या आधीच इतका वाढला होता की ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा मंजूर झाला. कायदा अवघा दीड-दोन पानांचा आणि त्यात सरकारला वाटेल ते करण्याची मुभा. गाडीतल्या उतारूंना तपासा, अडवा, घर तपासा, रोग्याला वेगळे ठेवा. मार्चमध्ये मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली आणि आकडे गोळा करण्याचे काम लष्करी शिस्तीने सुरू झाले. स्मशानात प्रेते तपासायला डॉक्टर उभे राहिले. दाट वस्तीत पहाटे शोधपथके घुसू लागली. ज्या घरात रोगी सापडे त्याच्या दर्शनी भिंतीवर तांबड्या रंगात वर्तुळ काढून आत तारीख घालत. त्या काळची छायाचित्रे आहेत. एकेका चाळीच्या दाराशेजारी अशी पाच-पाच, सहा-सहा वर्तुळे ओळीने दिसतात. राहण्यास नालायक ठरवलेल्या घरांवर यू. एच. एच. ही तीन अक्षरे. आरोग्य खात्याचे तक्ते कचेरीत राहिले, पण हा तक्ता रस्त्यावर होता आणि तो वाचायला अक्षरओळख लागत नव्हती. वर्तुळ उमटले की वाणी उधार देईना, मोलकरीण येईना, मुलीचे जमलेले लग्न लांबणीवर पडे.

पुण्याला हे लोण मुंबईहून पळालेल्यांबरोबर आले होते. साताऱ्याहून आणलेले वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग कमिटीचे प्रमुख झाले आणि १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडती सुरू झाली. तिच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर टाकून त्यांनी आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आणले होते, त्यात त्यांना रोग जडला. सरकारी तक्त्यात त्या दिवशीच्या पुण्याच्या मृतांत एक. त्यांचे वय सहासष्ट.

झडतीची पद्धत अशी की सकाळी पेठेची नाकेबंदी करायची, मग एकेक वाडा घ्यायचा. सगळ्यांना बाहेर काढायचे. पुरुष, बायका, म्हातारी, सगळ्यांच्या काखा आणि जांघा चाचपायच्या, तेही चौकात नाहीतर रस्त्यावर. सोजीर बुटांसकट माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात जात. संशय आला की रोगी इस्पितळात आणि घरचे कँपात. घरातले सामान बाहेर काढून जाळायचे. जमीन खणायची, भिंतींना चुना फासायचा. सोवळ्यातल्या बाईच्या अंगाला परक्या शिपायाचा हात लागणे हे त्या समाजात मरणापेक्षा वाईट होते. पण सोवळ्याओवळ्याचा गंध नसलेल्या घरातही ती लाजच होती, कोणाही बाईला ती लाजच असते, हे सांगण्यासाठी शास्त्रे काढण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल जाहीर पत्र लिहिले, ते थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांनी केलेल्या अत्याचारांचा आरोप केला. परत आल्यावर पुरावा मागितला तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांतले कोणी पुढे यायला तयार झाले नाही आणि गोखल्यांना माफी मागावी लागली. मला यात नवल वाटत नाही. जे घर प्लेग लपवते ते घर आपल्या लेकीसुनेवरचा प्रसंग चव्हाट्यावर कसा आणेल? ही दुसरी मोजणीही झालीच नाही.

एवढे करून हाती काय लागले? झडती घेतलेल्या घरांच्या मानाने सापडलेले रोगी अगदीच थोडे. मे महिन्यात रोग ओसरला, तो उन्हाळ्यात ओसरतोच; श्रेय रँडसाहेबांच्या खात्यात जमा झाले. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीच्या रस्त्याने परतणाऱ्या रँडवर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ ला फासावर गेले, पुढे त्यांचे दोन भाऊही गेले. टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. प्लेग मात्र त्याच पावसाळ्यानंतर पुण्यात परत आला आणि पहिल्यापेक्षा जोरात आला. झडत्यांच्या काळात गावात राहून हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवणाऱ्या टिळकांच्या घरातही तो शिरला, १९०३ साली त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ त्यात गेला.

मुंबईत १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात दंगल झाली तेव्हा सरकार वरमले. प्लेग कमिटीवर तोवर जेम्स कॅम्पबेल आले होते. मुंबई इलाख्याची गॅझेटियरे ज्यांनी संपादली तेच हे कॅम्पबेल; कोणत्या जातीत लग्न कसे लागते आणि मर्तिक कसे होते, हे छापून काढलेला माणूस. त्या आधीपासूनच मुंबईत जातवार इस्पितळे निघू लागली होती : पारशांचे, जैनांचे, भाट्यांचे, खोजांचे. आपल्या माणसाच्या हातचे पाणी, आपला वैद्य, भेटायला घरच्यांना मुभा. सरकारी प्लेग इस्पितळाला जो माणूस दाद देत नव्हता तो इथे स्वतःहून रोग्याला आणू लागला. जातीच्या भिंतींबद्दल चांगले लिहायची मला हौस नाही. पण इथे ती भिंत लोकांच्या उपयोगी पडली, एवढे मान्य करायला हवे. लपवण्याचे कारण कमी झाले तसा आकडा खऱ्याच्या जवळ सरकला.

याच काळात एक माणूस अगदी वेगळ्या रीतीने घरे मोजत होता. वाल्डेमार हाफकिन, ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला. १८९६ च्या ऑक्टोबरात तो मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत त्याने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना टोचले. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला, दोघेही वाचले. पण तुरुंग म्हणजे घर नव्हे. तिथे मुलेबाळे नसतात, कोणी चोरून बाहेर जात नाही.

खरा पुरावा मिळाला तो बडोदे संस्थानात. बडोद्यापासून सहा मैलांवर उंडेरा नावाचे गाव आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे प्लेग चालू असताना हाफकिनने गावाला आळीआळीने उभे केले आणि प्रत्येक कुटुंबातली साधारण निम्मी माणसे टोचली, एकूण ५१३. नवरा-बायको, सासू-सुना, थोरला-धाकटा, एकाच ताटातले जेवणारे, एकाच अंगणात झोपणारे. निम्म्यांच्या दंडात सुई, निम्म्यांच्या नाही. पुढे काही आठवड्यांनी घरोघर जाऊन हिशेब घेतला. प्लेग अठ्ठावीस घरांत शिरला होता. या घरांतल्या टोचलेल्या ७१ माणसांपैकी आठ आजारी पडली, तीन मेली. न टोचलेल्या ६४ पैकी सत्तावीस आजारी पडली आणि सव्वीस मेली.

साथींच्या इतिहासातले मोठमोठे तक्ते पाहून झाले तरी मला हा चार ओळींचा तक्ता सोडवत नाही. शास्त्र म्हणून तो सुंदर आहे. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच, फरक एका सुईचा. पण कोणाचा हात पुढे घ्यायचा आणि कोणाचा नाही हे त्या अठ्ठावीस घरांतल्या आईबापांनी ठरवले नव्हते, गावात आलेल्या साहेबाने ठरवले होते. वाचलेल्या भावाला मेलेल्या बहिणीकडे पाहून काय वाटले असेल ते कुठे नोंदलेले नाही. तीन वर्षांनंतर सरकारी प्लेग कमिशनने लशीचा उपयोग मान्य केला, पण हाफकिनच्या एकूण आकडेवारीच्या नीटनेटकेपणाबद्दल नाकही मुरडले. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एका बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली आणि हाफकिनवर ठपका आला. तो निर्दोष ठरायला पाच वर्षे लागली. त्याच्या परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ साली.

१८९७ चा तो साथरोग कायदा महाराष्ट्र सरकारने करोनाच्या साथीत, १३ मार्च २०२० ला पुन्हा बाहेर काढला. त्या वेळच्या संध्याकाळी वेगळ्या सांगायला नकोत. जेवणाआधी आकडा यायचा, सोसायटीच्या ग्रुपवर फिरायचा, आजी विचारायची, ‘आपल्या भागात किती?’ परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला जात होता. रोग्यांच्या घरांच्या दारावर फलक लागत होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले की सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय ते लावू नयेत. १६ जून २०२० ला राज्याच्या आकड्यात आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एका दमात मिळवले गेले, त्यातले ८६२ मुंबईचे. वीअरसाहेबांची वजाबाकीही परत आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मे महिन्यात याच रीतीने हिंदुस्थानातले २०२० आणि २०२१ मधले जादा मृत्यू सुमारे ४७ लाख काढले, सरकारी नोंद पावणेपाच लाखांच्या आसपास होती, आणि सरकारने ती रीतच अमान्य केली. सव्वाशे वर्षांपूर्वी वजाबाकी सरकार करत होते आणि लोक लपवत होते. आता बाजू पुरत्या तशा राहिलेल्या नाहीत.

पण प्लेगकडे परत येऊ, कारण त्याचा मोठा काळ अजून पुढेच होता. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबई ७,७६,००६ वर घसरली. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगाने तेरा लाखांवर माणसे मेली, सर्वांत जास्त पंजाबात, आणि तिथे पुरुषांपेक्षा बायका जास्त, कारण उंदीर घरात आणि बायकाही घरात. महाराष्ट्रातल्या गावांनी तोवर आपला मार्ग काढला होता. घरात उंदीर पडला की गाव सोडायचे. दाराला कुलूप घालून शिवारात, मळ्यात, माळावर पाचटाची नाहीतर कडब्याची खोपटी घालून दोन-चार महिने काढायचे. तिथेच चूल, तिथेच बाळंतपण. गावात चोर शिरायचे म्हणून पुरुषांनी पाळीपाळीने राखणीला जायचे. ज्यांनी उशीर केला त्यांना घर महागात पडले. १८९९ साली भगूरला सावरकरांच्या घरी आधी वडील दामोदरपंत आणि मग चुलते गेले. पोरकी मुले नाशिकला आली तर तिथे धाकटा आणि थोरला दोघांनाही रोगाने धरले. ते दोघे वाचले. सोळा वर्षांचा विनायक मधला.

उंदरांचे आणि माणसांचे नाते काय, हे सरकारला कळायला मात्र वेळ लागला. कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच सांगितले होते की उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते. त्याला हसले. १९०५ मध्ये नवे कमिशन परळच्या प्रयोगशाळेत बसले तेव्हा त्यांनी माणसांऐवजी उंदीर मोजायला घेतले. मुंबईभरचे मेलेले नि पकडलेले उंदीर, कुठे सापडला त्याची चिठ्ठी लावून, रोज परळला येत. वर्षभरात लाखावर उंदीर त्यांनी चिरून पाहिले. हिशेब स्वच्छ निघाला. आधी गटारातल्या घुशीसारख्या मोठ्या उंदरांत साथ येते, दहाएक दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. म्हणजे पंधरवडाभर आधी इशारा मिळत होता. या मोजणीत कोणाच्या घराची अब्रू जात नव्हती आणि उंदीर लपवून ठेवण्यात कोणालाच रस नव्हता, म्हणून ती खरी उतरली. उंदीर पडला की घर सोडायचे, हे भगूर आणि कऱ्हाडकडच्या म्हाताऱ्यांना त्याआधीच ठाऊक होते. तक्ते फक्त त्यांच्याकडे नव्हते.

मुंबई महापालिकेने उंदीर मोजणे तेव्हापासून सोडलेले नाही. रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांत फिरणारे उंदीर मारणारे कामगार आजही तिच्याकडे आहेत आणि एका रात्रीत तीस उंदीर हा त्यांचा नेम आहे. सकाळी चौकीवर ते मोजून द्यायचे, त्यांतले काही प्लेगच्या तपासणीला जातात. तीस भरले नाहीत तर रोज हातात पडत नाही. जिथे आकड्यावर पैसे मिळतात तिथे आकडा कुठवर जातो हे मात्र मार्च २०१८ मध्ये विधानसभेत कळले. एकनाथ खडसे यांनी सभागृहात विचारले की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले गेले कसे. सरकारने खुलासा केला की हा आकडा उंदरांचा नव्हे, विषाच्या गोळ्यांचा होता.